हरभजनचं एक षटक शिल्लक होतं

१२ मार्च २०११. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विश्वचषकाचा सामना शेवटच्या षटकात आला होता. भारताच्या २९६ धावांचा पाठलाग करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला १३ धावा हव्या होत्या आणि त्यांचे सात गडी बाद झाले होते. हरभजन सिंगनं नऊ षटकांत तीन बळी घेतले होते, म्हणजे त्याचं एक षटक शिल्लक होतं. महेंद्रसिंग धोनीनं चेंडू आशिष नेहराच्या हाती दिला. पहिला चेंडू रॉबिन पीटरसनच्या बॅटची आतली कड घेऊन सीमेपार गेला. पुढच्यावर षटकार, मग दोन धावा, मग पुन्हा चौकार. दोन चेंडू राखून आफ्रिका जिंकली. त्या विश्वचषकात भारतानं एकच सामना गमावला आणि तो हा.

नागपुरात या सामन्याचा विषय निघाला की ‘हरभजनला षटक दिलं असतं तर?’ हे वाक्य ठरलेलं असतं. त्यावर कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. या म्हणीपाशी बहुतेक चर्चा संपतात. पण ती संपवू नये, असं मला मनापासून वाटतं. ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न शिस्तीनं विचारला तर घडलेल्या गोष्टीची आतली रचना दिसू लागते, आणि ती थक्क करणारी असते.

‘जर-तर’चा हा खेळ फार हौसेनं खेळतात ते अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे चाहते. त्याला कारण आहे. तिथं नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून संघांना मिळतात. संघ ठरलेल्या क्रमानं एकेक नाव उचलतात, आणि एका नावानं पुढची पंधरा वर्षं बदलतात. १९८४ साली पहिली निवड कुणाची, हे ह्यूस्टन आणि पोर्टलंड या दोन संघांमध्ये नाणं उडवून ठरलं. ह्यूस्टन जिंकलं, त्यांनी हकीम ओलाजुवान घेतला. पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, त्याच जागेवर खेळणारा दुसरा खेळाडू त्यांना नको होता. म्हणून त्यांनी उंचापुरा सॅम बोवी निवडला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला मायकेल जॉर्डन. बोवीची कारकीर्द पायांच्या दुखापतींनी पोखरली. शिकागोनं १९९१ ते १९९८ या काळात सहा विजेतेपदं जिंकली. नाण्याचं दुसरं तोंड वर आलं असतं तर? चाळीस वर्षं झाली, तिथले चाहते हा प्रश्न सोडायला तयार नाहीत.

त्यांच्या या चर्चांमधून चांगल्या ‘जर-तर’चे तीन नियम सहज वेचता येतात. पहिला, एकच गोष्ट बदलायची, तीही अशी की जी खरोखर वेगळी घडू शकली असती. दुसरा, त्या बदलापासून पुढं फक्त नियमांच्या आधारानं चालायचं. वेळापत्रक, गुणतक्ता, खेळाचे कायदे यांनी जे ठरतं तेवढंच मानायचं. तिसरा, जिथं धुकं सुरू होतं तिथं थांबायचं. ‘पोर्टलंडनं बोवीऐवजी जॉर्डन निवडला असता, तर तो शिकागोला मिळाला नसता’ इथवर चालता येतं. ‘मग पोर्टलंडनं सहा विजेतेपदं जिंकली असती’ हे आधीच धुक्यातलं वाक्य आहे.

आता हे तीन नियम घेऊन जामठ्याला परत येऊ.

बदल एकच करायचा. भारतानं त्या १३ धावा वाचवल्या, असं धरायचं. हे घडणं अजिबात अशक्य नव्हतं. उलट त्या दिवशी भारत हरला हेच नवल होतं. वीरेंद्र सेहवाग आणि सचिन तेंडुलकर यांनी १४२ धावांची सलामी दिली होती. सचिननं १११ धावा केल्या, ते त्याचं ९९ वं आंतरराष्ट्रीय शतक. चाळिसाव्या षटकात धावफलक १ बाद २६७ होता. तिथून २९ धावांत नऊ गडी गेले. डेल स्टेननं ५० धावांत पाच बळी घेतले. एवढ्या पडझडीनंतरही सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. म्हणजे निकाल फिरवायला फार मोठं काही बदलावं लागत नाही.

आता गुणतक्ता मांडू. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. ‘ब’ गटात प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिका १०, भारत ९, इंग्लंड ७ आणि वेस्ट इंडिज ६ अशी क्रमवारी लागली. जामठ्याचा निकाल उलटा केला, बाकी सगळे निकाल तसेच ठेवले, की भारताचे गुण ११ होतात आणि आफ्रिकेचे ८. भारत दुसऱ्याऐवजी पहिला. ऐकायला हा बदल किरकोळ वाटतो.

पण बाद फेरीची जुळणी आधीच ठरलेली होती. एका गटातला पहिला दुसऱ्या गटातल्या चौथ्याशी खेळणार, दुसरा तिसऱ्याशी. भारत दुसरा आला म्हणून उपांत्यपूर्व फेरीत समोर आली ‘अ’ गटातली तिसरी ऑस्ट्रेलिया. १९९९, २००३ आणि २००७ असे सलग तीन विश्वचषक जिंकलेला संघ. भारत पहिला आला असता तर समोर न्यूझीलंड असता, ज्याला भारतानं काही महिन्यांपूर्वीच मायदेशी एकदिवसीय मालिकेत ५-० असं हरवलं होतं.

आता आणखी एक पाऊल. उपांत्य फेरीच्या जोड्याही ठरलेल्या होत्या. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याचा विजेता पाकिस्तान-वेस्ट इंडिज सामन्याच्या विजेत्याशी खेळणार होता. त्यातूनच ३० मार्चला मोहालीत भारत-पाकिस्तान उपांत्य सामना झाला, ज्यासाठी दोन्ही देशांचे पंतप्रधान मैदानात येऊन बसले. भारत गटात पहिला असता तर तो तक्त्याच्या दुसऱ्या अंगाला गेला असता. तिथं श्रीलंका होती. म्हणजे भारत-श्रीलंका सामना झालाच असता तर तो उपांत्य फेरीत. आणि भारत-पाकिस्तान गाठ पडायची असती तर ती फक्त अंतिम सामन्यात, वानखेडेवर.

इथं जरा थांबून पाहा. २ एप्रिल २०११ ची ती रात्र, गौतम गंभीरच्या ९७ धावा, धोनीचा नाबाद ९१ आणि तो शेवटचा षटकार हे सगळं भारत विरुद्ध श्रीलंका या अंतिम सामन्यातलं आहे. जामठ्याला भारत जिंकला असता तर, बाकीचे निकाल तसेच राहिले असते तरीही, असा अंतिम सामना होऊच शकला नसता. मोहालीही झालं नसतं. पीटरसनच्या बॅटची ती आतली कड या दोन्ही सामन्यांच्या उगमाशी आहे.

भारत मग विश्वविजेता झाला नसता का? ते सांगता येत नाही. न्यूझीलंड आणि श्रीलंका यांना हरवूनही भारत अंतिम फेरीत गेला असता, कदाचित चषकही जिंकला असता. ऑस्ट्रेलियाशी गाठ न पडल्यानं वाट सोपी झाली असती असंही वाटतं, पण त्याच न्यूझीलंडनं ढाक्यात दक्षिण आफ्रिकेला १७२ धावांत गुंडाळून घरी पाठवलं होतं. तेव्हा इथं धुकं सुरू होतं. सामना कुणाशी, हे तक्ता सांगतो. जिंकलं कोण असतं, हे तो सांगत नाही.

संघनिवडीकडेही पाहायला हवं. जामठ्याला सुरेश रैना आणि रविचंद्रन अश्विन अकरा जणांत नव्हते. पुढच्या सामन्यात नेहराच्या जागी अश्विन आला. दुखापतग्रस्त सेहवागमुळे रैनाला जागा मिळाली आणि सेहवाग परतल्यावरही ती टिकली. अहमदाबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध धोनी बाद झाला तेव्हा भारताला आणखी ७४ धावा हव्या होत्या. त्या युवराज सिंग आणि रैना या जोडीनं नाबाद राहून काढल्या. अश्विन त्या सामन्यात नव्या चेंडूनं गोलंदाजी करत होता. आणि नेहरा? मोहालीत धोनीनं त्याला परत बोलावलं आणि त्यानं दहा षटकांत ३३ धावा देऊन दोन बळी घेतले. एका षटकानं जगाच्या नजरेतून उतरलेला गोलंदाज अठरा दिवसांनी उपांत्य सामन्यात उभा राहिला, ही गोष्ट कुठल्याही कल्पनेपेक्षा कमी सुंदर नाही.

प्रत्येक ‘जर-तर’ इतका मोठा निघत नाही, आणि हे तपासण्यातही तेवढीच मजा आहे. त्याच विश्वचषकात २७ फेब्रुवारीला बंगळुरूला भारत आणि इंग्लंड यांचा सामना ३३८-३३८ असा बरोबरीत सुटला. भारत तिथं जिंकला असता तर? भारताचे गुण १० झाले असते, आफ्रिकेइतकेच. दोघांचे विजयही सारखेच, पाच-पाच. पण नेट रनरेटमध्ये आफ्रिका बरीच पुढं होती, म्हणून भारत दुसराच राहिला असता. समोर तीच ऑस्ट्रेलिया, तेच मोहाली. इतका गाजलेला सामना, पण भारताच्या वाटेवर त्याचा परिणाम शून्य. बदल झाला असता तो इंग्लंडच्या वाटेत. ते सहा गुणांवर राहून वेस्ट इंडिजच्या मागं चौथे झाले असते आणि कोलंबोऐवजी ढाक्यात पाकिस्तानसमोर उभे राहिले असते. कोणता क्षण भार पेलणारा होता आणि कोणता नुसताच गाजला, हे असं एकेक क्षण काढून पाहिल्यावरच कळतं.

म्हण ऐकवून हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्रिकेटच्या कायद्यातच ‘जर-तर’ बसलेला आहे, आणि तो १७७४ सालापासून आहे. पायचीत म्हणजे काय? चेंडू यष्टीला लागलेला नसतो, पायाला लागलेला असतो. पंचाला ठरवायचं असतं की पाय मध्ये नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता का. म्हणजे फलंदाज बाद होतो तो न घडलेल्या गोष्टीवरून. आता त्यासाठी यंत्र आहे. अनेक कॅमेरे चेंडूचा पॅडपर्यंतचा मार्ग टिपतात आणि संगणक तो मार्ग पुढं वाढवून दाखवतो. मोहालीत सचिन २३ धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंचांनी त्याला पायचीत दिलं. सचिननं दाद मागितली. पडद्यावरचा चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून गेला. सचिन खेळत राहिला, ८५ धावा करून सामनावीर ठरला. न घडलेल्या एका चेंडूच्या चित्रानं घडलेला सामना फिरवला.

आणि हे यंत्रही तिसरा नियम पाळतं. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर यंत्र आपला निकाल लादत नाही, मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. धुकं कुठं सुरू होतं हे त्याला शिकवलेलं आहे.

बास्केटबॉलमध्येही याचा जोडीदार नियम आहे. बास्केटकडे उतरणाऱ्या चेंडूला बचाव करणाऱ्यानं हात लावला, तर चेंडू आत गेलाच असं धरून गुण दिले जातात. याला ‘गोलटेंडिंग’ म्हणतात. अतिउंच खेळाडू जाळीजवळ उभे राहून आत जाणारे चेंडू परतवू लागले, तेव्हा १९४० च्या दशकात अमेरिकेत हा नियम आला. दोन वेगळे खेळ, दोन वेगळे खंड, आणि दोघांनाही न्याय करण्यासाठी ‘मध्ये कुणी आलं नसतं तर’ हा प्रश्न कायद्यात लिहावा लागला.

विदर्भाच्या क्रिकेटमध्ये तर या प्रश्नाचा खजिना भरलेला आहे. विदर्भ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो, पण २०१७ च्या डिसेंबरपर्यंत त्यानं अंतिम फेरी कधीच पाहिली नव्हती. त्या महिन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना होता, समोर कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर आटोपला. कर्नाटकच्या करुण नायरनं १५३ धावा ठोकल्या आणि त्याच्या संघाला ११६ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला असता तरी कर्नाटकच पुढं गेलं असतं. फैज फझलच्या संघाला जिंकणंच भाग होतं. दुसऱ्या डावात ३१३ धावा करून विदर्भानं १९८ चं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या दिवशी कर्नाटकला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हाती होते. रजनीश गुरबानीनं ते तिन्ही घेतले. कर्नाटक १९२ वर थांबलं. विदर्भ पाच धावांनी जिंकला.

कर्नाटकनं आणखी सहा धावा केल्या असत्या तर? मग इंदूरचा अंतिम सामना विदर्भाचा नसता. दिल्लीविरुद्धची गुरबानीची हॅटट्रिक नसती, जी रणजीच्या अंतिम सामन्यातली फक्त दुसरी होती. इराणी करंडकात विजेता संघ शेष भारताशी खेळतो, म्हणून मार्च २०१८ मध्ये नागपुरात वसीम जाफरनं केलेल्या २८६ धावाही नसत्या. इथवर नियम सांगतात. विदर्भानं पुढच्याच मोसमात पुन्हा करंडक जिंकला, तो जिंकला असता का, हे मात्र धुक्यात आहे. माझं मत विचाराल तर, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांनी घडवलेला तो संघ आज ना उद्या जिंकलाच असता. पण ते मत आहे, निष्कर्ष नाही.

यानंतरची वळणं तर कादंबरीकारालाही सुचू नयेत अशी आहेत. गुरबानीची हॅटट्रिक पूर्ण करणारा तिसरा फलंदाज होता ध्रुव शोरी, दिल्लीसाठी १४५ धावा करून त्रिफळाचीत झालेला. ईडनवर विदर्भाला छळणारा होता करुण नायर. फेब्रुवारी २०२५ मध्ये जामठ्यावर विदर्भ केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला, तेव्हा हे दोघंही विदर्भाच्या संघात होते. करुणनं ८६ आणि १३५ धावा केल्या आणि विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला.

समोरचा केरळ संघ तिथवर कसा पोचला ते पाहा. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावाची आघाडी एका धावेची. उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. गुजरातचा शेवटचा फलंदाज अर्झान नागवासवाला यानं जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, हवेत उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. गुजरात ४५५ वर बाद, केरळ ४५७. गोलंदाज होता आदित्य सरवटे, ज्यानं २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून दिला होता आणि आता केरळकडून खेळत होता. नागपूरच्या मैदानांवर वाढलेल्या गोलंदाजाच्या चेंडूनं केरळला नागपूरच्या अंतिम सामन्यात आणलं.

आणि यात कायद्याचाही एक ‘जर-तर’ दडलेला आहे. क्षेत्ररक्षकानं घातलेल्या हेल्मेटला लागून उडालेला झेल ऑक्टोबर २०१७ पूर्वी ग्राह्यच नव्हता. जुना कायदा असता तर नागवासवाला नाबाद राहिला असता आणि गुजरातला आघाडीसाठी तीनच धावा हव्या असत्या. लंडनमध्ये बदललेलं एक कलम सात वर्षांनी जामठ्यावर कोण उतरणार हे ठरवून गेलं.

मराठी वाचकाला या विचाराची ओळख खेळाआधी जयंत नारळीकरांनी करून दिलेली आहे. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेनं जातो. नारळीकर वैज्ञानिक होते. मनोरंजनाबरोबरच त्यांना दाखवायचं होतं की काही क्षण असे असतात, जिथं केसाएवढ्या फरकानं पुढची सगळी वाट वेगळी होते, आणि असे क्षण ओळखणं हा विचार करण्याचा शास्त्रीय मार्ग आहे. कारण म्हणजे काय, याचं सगळ्यात सोपं उत्तर हेच आहे की ती गोष्ट काढून टाकली तर पुढची घडत नाही. डॉक्टर नव्या औषधाची चाचणी घेताना एका गटाला औषध देत नाहीत, ते याचसाठी. औषध दिलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यांना पाहायचं असतं. इतिहासाला असा दुसरा गट मिळत नाही. तो आपल्याला मनात उभा करावा लागतो, आणि म्हणूनच तो शिस्तीनं उभा करायचा.

खेळ हे या शिक्षणासाठी सर्वांत चांगलं ठिकाण आहे. इथं प्रत्येक चेंडूची नोंद असते, नियम छापलेले असतात, तक्ता आधी जाहीर होतो. पानिपतावर काय काय झालं यावर अजून वाद चालतो, जामठ्यावर पीटरसननं कोणत्या चेंडूवर किती धावा काढल्या यावर वाद नाही. नागपूरच्या शिवाजीनगर जिमखान्याच्या बास्केटबॉल कोर्टवर खेळणाऱ्या मुलीला किंवा शाळेच्या संघात बारावा असलेल्या मुलाला यातून एक फार मोलाची गोष्ट कळते. निकाल ही दैवानं आधी लिहून ठेवलेली ओळ नसते. तो अनेक छोट्या गोष्टींनी बनतो, आणि त्यातल्या काही आपल्या हातात असतात.

म्हणून आपल्या आवडत्या कुठल्याही सामन्याचा धावफलक काढा. त्यातली एकच गोष्ट बदला, नियमांचा हात धरून जाता येईल तिथवर जा आणि धुकं लागलं की प्रामाणिकपणे थांबा. घरातल्या मुलांना हा खेळ शिकवा, आणि कुणी आत्याबाईंच्या मिशांची म्हण काढली तर त्यांच्यापुढं २०११ चा गुणतक्ता ठेवा.